लोणी-हळद लावलेली स्टिक

दुकानदाराने दोन हॉकी स्टिक काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाला, “मॅडम, ही मारायला चांगली, ही टिकायला. दोन्ही एकात पाहिजे म्हणाल तर तसली अजून निघाली न्हाई.”

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बाजूला हे दुकान आहे. पहिली स्टिक कार्बनची, काळीभोर. हातात घेतली तर आत काही आहे की नाही अशी शंका यावी इतकी हलकी. दुसरी लाकडाची, वरून फायबर गुंडाळलेली, चांगली वजनदार. माझा हात आपोआप दुसरीकडे गेला आणि माझ्या मुलीचा पहिलीकडे.

“टिकेल का?” हा आमच्या माहेरचा पिढीजात प्रश्न. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. भूकंप झाला तेव्हा पहिली-दुसरीत असेन. आमचं घर दगड-मातीचं, भिंती अशा जाड की कोनाड्यात पोर मांडी घालून बसावं. हे घर नातवंडांच्या नातवंडांना पुरेल असं गाव म्हणायचं. ते एका पहाटे पडलं. आम्ही नेमके शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायला गेलो होतो म्हणून वाचलो. यावरून खरं तर हलक्या वस्तूंवर विश्वास बसायला हवा होता, पण झालं उलटंच. तेव्हापासून आम्ही बादली घेतली तरी ठोकून बघतो. लग्नात मिळालेला स्टीलचा डबा मी अजून शाळेत नेते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि त्या डब्याचं झाकण माझ्या मुठीपेक्षा घट्ट आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात.

“जड घे. मुरमाच्या मैदानावर ही काळी महिनाभरात झिजेल,” मी म्हणाले.

“आपली जुनी टिकलीच आहे की, आई. निवड माझी झाली नाही.”

तिचं बरोबर होतं. ती डिफेन्सला खेळते. मागच्या वर्षी नांदेडच्या विभागीय निवड चाचणीत तिचे फटके मैदानाच्या मध्यापर्यंत जाऊन दमायचे. “पोरीचा हात चांगला आहे, स्टिक जड पडते,” असं तिच्या सरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर मग नाहीच.

घेतली कार्बनची. पण मी घेऊ दिली ती अटी घालून. मुरमाच्या मैदानावर काढायची नाही. सराव जुन्या स्टिकवर. वरचं प्लास्टिक चाचणीच्या दिवशी उघडायचं. मग ती कपाटावर गेली, आमच्या डिनर सेटच्या शेजारी. त्या डिनर सेटमध्ये आजवर एकही माणूस जेवलेला नाही.

चाचणी पोळ्यानंतर दोन दिवसांनी होती. म्हणून पोळ्याला गावी जायचं आणि तिथूनच नांदेड गाठायचं ठरलं. स्टिक अर्थात सोबत होती, प्लास्टिकसकट. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रॅक्टर आला तरी एक बैलजोडी राखली आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या जोडीची खांदमळण झाली. जू घासून घासून बैलांच्या खांद्याला घट्टे पडतात, त्या जागी आप्पांनी लोणी-हळद चोळली आणि दोघांच्या कानाशी जाऊन दरवर्षीसारखं म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

थोड्या वेळाने मी ओट्यावर आले तर आप्पा भिंतीला टेकून बसलेले. मांडीवर स्टिक. प्लास्टिक फाडून बाजूला टाकलेलं. आणि मुठीपासून खाली ते मन लावून लोणी-हळद चोळत होते.

“आप्पा, हे काय करायलाव?”

“मळायलोय. हिलाबी कामाला जायचंय न्हवं तेरवा.”

“ते लाकूड न्हाई. कार्बन हाय ते.”

“आसंल. धरायची जागा तर हाय का न्हाई? घासतं ते तिथंच.”

मुठीवरची पट्टी लोणी पिऊन पिवळीधमक झाली होती. साबणाने धुतली, राखेने घासली, तरी हात सटकायचा तो सटकायचाच. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी भांडते. महिनाभर कपाटावर जपलेली वस्तू तुम्ही एका मिनिटात घालवली, असं मी त्यांना सुनावलं. ते उठून बैलांकडे गेले.

सकाळी मुलीने ती पट्टी उकलून फेकून दिली. आप्पांनी ट्रंकेतून एक जुनं धोतर काढलं, त्याचा काठ सोडून लांब पट्टी फाडली आणि तिच्या हातात दिली. तिने ती ओली करून मुठीवर आवळून गुंडाळली.

“आता तर ही नवी राहिलीच न्हाई,” असं म्हणून ती थेट गावच्या शाळेच्या मैदानावर गेली. मैदान म्हणजे मुरूम आणि कडेला सोयाबीन. मी तणतणत मागे.

पहिला फटका तिने मारला आणि बॉल तिरका जाऊन सोयाबीनमध्ये पडला. दुसराही तिकडेच. जड स्टिकची सवय झालेला तिचा हात जोर लावून फिरायचा आणि ही हलकी बया त्याच्या आधीच बॉलवर पोचायची. हे असंच्या असं नांदेडला झालं असतं, निवड करणाऱ्यांच्या समोर, आणि त्याला कारण आप्पा नव्हे, मी असते. बैलाला कधी पेरणीच्या दिवशी पहिल्यांदा जुंपतात का? हे शेतकऱ्याच्या लेकीला कळायला नको होतं?

मग पोळ्याचा अख्खा दिवस गावात झुली-गोंडे चालले होते आणि मी सोयाबीनमधून बॉल शोधून देत होते. दुपारपर्यंत फटके सरळ जायला लागले. संध्याकाळी स्टिकच्या टोकाचा एक टवका उडाला. तिने येऊन भीत भीत दाखवला. मी गप्प बसले. मला ओळखणाऱ्यांना यातली मेहनत कळेल.

नांदेडला ऊन कडक होतं. मी कुंपणाबाहेर लिंबाच्या सावलीत उभी होते. पेनल्टी कॉर्नरला तिला पुढे बोलावलं. तिने मारलेला बॉल मला दिसलाच नाही, गोलची फळी वाजली तेव्हा कळलं. असा आवाज मागच्या वर्षी एकदाही आला नव्हता. दुपारी सरांनी नावं वाचली, त्यात तिचं होतं. मी तिथल्या तिथे आप्पांना फोन लावला.

“लोण्यानं काम केलं बघ,” आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, “हाव, आप्पा.” त्या दिवशी त्यांनी काहीही म्हटलं असतं तरी मी हाव म्हटलं असतं.

ती स्टिक संक्रांतीच्या सुमाराला मोडली. मी सुतकी आवाजात आप्पांना कळवलं.

“कशानं मोडली?”

“खेळताना. बॉल अडवताना.”

“मंग काय झालं? कामात मोडली. कपाटावर न्हाई मोडली.” आणि त्यांनी पुढे हरभऱ्याचा विषय काढला.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने पुन्हा दोन स्टिक काढल्या आणि माझ्याकडे बघून जड वाली पुढे सरकवली. मी मुलीला विचारलं, “हाताला कोणती बसते?” तिने काळी उचलली. प्लास्टिक मी दुकानातच फाडलं.

घरी आल्यावर तिने मोडक्या स्टिकवरून आप्पांच्या धोतराची पट्टी उकलली, धुतली, गच्चीवर वाळत घातली. संध्याकाळी तीच पट्टी नव्या मुठीवर गुंडाळून ती मैदानावर गेली. पट्टी अजून चांगली आहे.