शमीम सिस्टरांचं उभं राहणं

शमीम सिस्टर गेल्या हे कळलं तेव्हा मी चाकणहून कंपनीच्या बसनं घरी येत होते. दवाखान्यातल्या वॉर्डात आया असलेल्या लताबाईंचा फोन आला. "अगं, सिस्टर गेल्या... दापोडीला, घरीच. झोपेतच." बसमध्ये गाणी लागली होती, मागं पोरींची थट्टामस्करी चालली होती. मी खिडकीकडं तोंड करून रडून घेतलं. मनात आलं, आता मी हक्कानं भांडायचं कुणाशी?

आमची ओळखच तशी झालेली. माझी धाकटी बहीण रंजना जन्मापासून बुद्धीनं कमी. तिशी उलटली तरी समज लहान पोरीची. वडील गेले तेव्हा तिनं खाणं सोडलं, केस उपटायला लागली, आईवर हात उचलायला लागली. डॉक्टरांनी तिला मानसिक आजारांच्या वॉर्डात ठेवलं. चऱ्होलीत आमच्या आळीनं निकाल लावला, 'रंजी येडी झाली.' गोळ्यांनी ती शांत झाली, जेवायला लागली, पण काही केल्या आंघोळ करीना. घरी आणायचं तर तेवढंच आडवं येत होतं. आईच्या गुडघ्यांत जोर नाही, माझी शिफ्ट फिरती. भाऊ म्हणाला, "कायमची एखाद्या संस्थेत ठेवू." आई पदर तोंडाला लावून बसायची.

त्या वॉर्डाची रीत अशी, की बाईला बादली, साबण, टॉवेल द्यायचा, दार लोटून बाहेर थांबायचं आणि विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. रंजना साबण धरून नुसती उभी राहायची, पाणी गार व्हायचं, आणि 'आंघोळीला नकार' असं लिहिलं जायचं. शमीम सिस्टर तेव्हा तिथं बदलीवर आल्या होत्या. त्याआधीची बरीच वर्षं त्यांनी शेजारच्या, रंजनासारख्या बायकांच्या वॉर्डात काढलेली. त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "ही नाही म्हणत नाहीये. साबणानंतर काय करायचं, ते तिला सुचत नाहीये."

"मग घाला की तुम्ही," मी फटकन म्हणाले.

"त्या पलीकडच्या ताई बघा. आंघोळ त्यांना तुमच्या-माझ्यासारखी येते, पण आजारात वाटतं, पाण्यात कुणी काही कालवलंय. न विचारता हात लावला तर त्या पुन्हा आमच्या वाऱ्याला उभ्या राहणार नाहीत. तिथं वाट बघायची. हिला शिकवायचं. दोघींना एकच नियम लावून कसं चालेल?" डॉक्टरांच्या मागं लागून त्यांनी रंजनाला शेजारच्या वॉर्डात हलवलं, आणि पुढं स्वतःही परत तिकडं आल्या.

तिकडं उलटी तऱ्हा. आयांना घाई. बायकांना ओळीनं बसवायचं आणि भराभर तांबे ओतायचे. रंजना चकचकीत दिसायला लागली, मी खूश. सिस्टर मात्र भडकल्या. "स्वच्छ तर भांडीही होतात. ह्यात तिचा हात कुठाय?" मग त्यांनी स्वतः सुरुवात केली. आधी रंजनाच्या हातावर हात ठेवून तांब्या उचलायचा. काही आठवड्यांनी नुसतं मनगट धरायचं, मग कोपराला बोट, मग तेही नाही. पाळीचं पॅड बदलायलाही असंच शिकवलं, पडदा ओढून, खालच्या आवाजात. ते शिकायला फार दिवस लागले. कुणी रंजनाला 'बाळ' म्हटलं तर त्या आयांना झापायच्या. "ती बाई आहे. बाईसारखं बोला तिच्याशी."

एकदा मी भेटायला गेले तर रंजना डोक्याला साबण लावून बसलेली, सिस्टर शेजारी ढिम्म उभ्या. रंजना त्यांच्याकडं बघतीय, ह्या हलत नाहीत... माझं डोकंच फिरलं. "सिस्टर, नुसतं उभं राहायचा पगार घेता का?"

"हो. हेच काम अवघड आहे. या, राहून बघा."

मी राहिले. खरंच, हात शिवशिवत होते माझे. आणि रंजनानं तांब्या उचलला, ओतला, अर्धं पाणी डोक्यावर, अर्धं सिस्टरांच्या पायांवर. "वसूल झाला पगार," त्या म्हणाल्या आणि मान फिरवून डोळे पुसले. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

रंजना घरी आली. सिस्टर एकदा आमची न्हाणी बघायला आल्या, भाकरी-पिठलं खाल्लं. आईनं विचारलंच, "माझ्यामागं हिचं कोन करील वो?" सिस्टर म्हणाल्या, "थोडं थोरली करील. बाकीचं ती तिचं करील." आईला ते पटलं नव्हतं. त्या घरातून निघाल्यावर मला म्हणाली, "बोलायला काय जातंय त्यांचं."

सिस्टर गेल्याचं मी रंजनाला सांगितलं. तिला किती कळलं, देव जाणे. ती फक्त म्हणाली, "दवाखान्यात न्हाईत?" मी म्हणाले, नाहीत.

गेल्या आठवड्यात आई अंगणात पडली, उजव्या हाताला प्लास्टर आलं. मी कामावरून आले तर न्हाणीतून आवाज. रंजनानं पाणी काढलेलं, आईला स्टुलावर बसवलेलं. मी पदर खोचून आत जायला निघाले, तर आईच आतून म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. ती करतीय."

मी दाराबाहेर थांबले. आत रंजनानं विचारलं, "पाठीला लावू?"

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. रंजना थांबली होती.

"व्हय, लाव," आई म्हणाली.