रिकाम्या आडनावाची ओळ

माझी मैत्रीण वैशाली गेल्याचं तिच्या नवऱ्याने, अरविंदने, फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, मी वर्तमानपत्राच्या ऑफिसात नुकतीच पोचले होते. "गेली गं... डॉक्टर म्हणाले, हार्ट." मागे दुसरा फोन वाजत होता. "तिचाच वाजतोय," तो म्हणाला. "काय करू याचं?"

त्या फोनबद्दल सांगायचं तर तिच्या कामाबद्दल सांगावं लागेल. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर होणाऱ्या रक्ततपासण्यांचे निकाल रोज सकाळी नाशिकच्या एका खासगी कंपनीच्या संगणकात आपोआप भरले जातात. कुणाला तातडीने दवाखान्यात बोलवायचं, ती नावं त्यातूनच निघतात. हे भरणं टप्प्याटप्प्याने चालतं आणि चूक आली तर काय करायचं, हे प्रत्येक टप्प्याला आधीच सांगून ठेवावं लागतं: थांबायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, की ती ओळ वगळून पुढे जायचं. ते ठरवणं हे त्या कंपनीत वैशालीचं काम. सुरुवातीला तिने ‘वगळा’ ठेवलं होतं. एका खराब ओळीपायी बाकीच्यांचे निकाल अडू नयेत, हा विचार गैर नव्हता. तिच्या साहेबांनाही तेच हवं होतं. वगळलेल्या ओळी वेगळ्या फाइलीत जमा होत. ती फाइल कुणी उघडायची, हे मात्र ठरलं नव्हतं.

पेठजवळच्या एका पाड्यावर एका गरोदर बाईच्या अंगात रक्त फार कमी असल्याचा निकाल आला. आडनावाचा रकाना रिकामा होता. संगणकाने ओळ वगळली, बोलावणं गेलं नाही, आणि बाळंतपणात ती बाई गेली. चौकशी त्या रिकाम्या रकान्यापाशी येऊन संपली. कुणावर ठपका आला नाही. वैशाली रजा टाकून एकटीच पाड्यावर गेली. त्या बाईची सासू अंगणात नागली पाखडत होती. "नाव इचारलं, ते सांगितलं. आडनाव कोणी इचारलंच नाय," सासू म्हणाली. "पाड्यात समद्यांचं एकच हाय. इचारून काय करणार?" मग तिने वैशालीला चहा दिला. तो प्यायला की नाही, हे वैशालीने मला सांगितलं नाही...

दुसऱ्या दिवशी तिने तो टप्पा ‘थांबा’वर आणला. एकही ओळ अडली की सगळं जागच्या जागी थांबे आणि तिच्या फोनवर निरोप येई. मग ती आरोग्य केंद्राला फोन लावून नाव, गाव विचारून घेई, ओळ भरी, आणि काम पुढे सरके. सायखेड्याला तिच्या भाचीच्या लग्नात ती पंगतीतून उठली. "जेवताना तरी तो भोंगा बंद कर ना," मी वैतागून म्हणाले. "तुमच्या पेपरात नाव चुकलं तर उद्या खुलासा छापता," ती म्हणाली. "मी कुठे छापू?" साहेब टोमणे मारत: "एका ओळीसाठी अख्खा तालुका उभा करता, मॅडम." ती म्हणे, "ओळ भरली की बसवते, साहेब."

ती गेल्यावरही निरोप तिच्याच नंबरवर येत राहिले. अरविंद ते तिच्या ऑफिसला फोन करून वाचून दाखवी. तेवढ्यासाठी तो फोन दिवाणखान्यातल्या फळीवर कायम चार्जिंगला असे.

परवा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा फोन तिथेच होता. "वाजत नाही आता," अरविंद म्हणाला. नंबर बदलला असेल म्हणून त्याने ऑफिसला विचारलं होतं. नंबर तोच होता. वैशालीच्या जागी आलेले गृहस्थ उत्साहाने म्हणाले, "आता काही अडतच नाही, सर. एकदम सुरळीत." वगळलेल्या ओळी कोण बघतं, असं अरविंदने विचारलं. विचारून सांगतो, असं उत्तर मिळालं. त्यानंतर कुणी काही कळवलं नव्हतं.

बोलता बोलता त्याने फोन हातात घेतला, आवाज वाढवायला गेला. आवाज आधीच पूर्ण होता... त्याने फोन परत चार्जरला लावला.