चहा पिऊन गेलेली माणसं

दिवाळी झाली की आमचं घर बैलगाडीत चढायचं. तवा, पातेली, गोधड्या आणि वर मी. तिसगावच्या पलीकडं आमची वस्ती. तिथून आई-वडील ऊसतोडीला निघायचे आणि शाळेच्या पटावर माझं नुसतं नाव मागं राहायचं. कारखान्याजवळ पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, आमचा मुक्काम. एका हंगामात शेजारच्या कोपीतली मुलगी उसाच्या ट्रॉलीखाली गेली. मी सहावीत होतो, वाचता येत होतं. चौकातल्या टपरीवर जाऊन मी रोज पेपर चाळायचो. कुणाचा सत्कार, कुणाचा वाढदिवस, सगळं होतं. ती मुलगी कुठंच नव्हती.

पुढं मी वस्तीतला पहिला पदवीधर झालो. हे सांगताना मी मिरवतो असं लोक म्हणतात. मिरवतोच. बी.ए. झालो आणि जिल्ह्यातल्या एका पेपरचा वार्ताहर झालो.

आमच्याकडं वार्ताहर म्हणजे काय, ते सांगायला हवं. जो बातमी लिहितो, तोच सकाळी फाट्यावर गठ्ठे उतरवून घेतो आणि तोच दारोदार पेपर टाकतो. बातमीवर नाव येत नाही, गावाचं नाव आणि पुढं 'वार्ताहर' एवढंच. पण लिहिणारा कोण ते शोधायला लांब जावं लागत नाही. ज्याच्याविरुद्ध लिहिलं, त्याच्या दारातही सकाळी मीच उभा.

त्या उन्हाळ्यात वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा बंद झाला. कागदावर मात्र रोज येत होता. मी मागावर राहिलो. टँकर एका शेततळ्यात रिकामा होत होता आणि ते शेततळं होतं आमच्याच मुकादमाचं. ज्याच्या टोळीत आई-वडील दर हंगामाला जायचे, तोच हा. मोबाईलवर फोटो काढला, बातमी पाठवली, फोटोसकट छापून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठे घेऊन फाट्यावरून परतत होतो. ओढ्याच्या वळणावर मोटरसायकल आडवी लावलेली. तिघं होते. दोघं अनोळखी, तिसरा मुकादमाचा भाचा. कोपीवर माझ्याबरोबर खेळलेला, आईच्या हातची भाकर खाल्लेला. मी गाडी थांबवली ती त्याला बघूनच. म्हटलं, "काय रे, पंक्चर झाली का?"

पहिला गज खांद्यावर बसला. मला कळलंच नाही काय चाललंय. पेपर वाऱ्यानं ओढ्यात उडत होते आणि ते गोळा करायला हवेत, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी मोबाईल दगडानं ठेचला. एकानं माझ्या पायावर गज उचलला, तेव्हा भाचा म्हणाला, "पाय राहू दे. मावशीनं चहा पाजलाय. लिवायचा हात बघ."

आणि त्यांनी उजवा हात मोडला.

मार मी समजू शकलो. चहाचं समजत नव्हतं. दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत तेच डोक्यात फिरत होतं.

घरी आलो तर ओट्यावर कपबश्या तशाच पडलेल्या. आई त्यांच्याकडं बघत बसली होती. तिनं सांगितलं ते असं. भाचा त्या दोघांना घेऊन आला, पाया पडला. "मावशी, वळखलं का?" आई म्हणाली, "तुला न्हाई वळखणार व्हय? केवढाला झालास." आमच्यात दारी आलेल्याला चहाशिवाय परत धाडत नाहीत, आणि हा तर कोपीवरचा. तिनं शेळी पिळली, चहा टाकला. त्यानं विचारलं, "टँकरची बातमी कुनी लिवली गं? लई भारी लिवली." आई फुलून गेली. "आमच्याच पोरानं. फाट्याला गेलाय, येईल आता वड्याच्या वाटंनं. निळी गाडी हाय बघ."

"झ्याक झाला चहा," म्हणून ते उठले.

मी पोलीस ठाण्यात गेलो. आई-वडील बरोबर. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडीला गाडी घासली, त्यावरून बाचाबाची. असंच लिहू ना?"

म्हटलं, "साहेब, हा पत्रकारावरचा हल्ला आहे. त्याला वेगळा कायदा आहे."

"ओळखपत्र दाखव."

ते मला कधी मिळालंच नव्हतं. साहेबांच्याच फोनवरून पेपरच्या कचेरीत लावला, स्पीकरवर. पलीकडचा आवाज मी रोज ऐकत होतो. तो म्हणाला, "तू आपला एजंट आहेस रे. पत्रकार म्हणून आमच्याकडं तुझी नोंद नाही. आम्हाला यात घेऊ नकोस."

गजापेक्षा हे जोरात बसलं. माझी बातमी त्यांची होती, माझा हात त्यांचा नव्हता.

साहेब हसले. "पेपर टाकतोस ना? मग पेपरवाला लिहितो. पत्रकार कशाला?"

वडील हळूच म्हणाले, "मिटवून घे. दिवाळीनंतर त्याच्याच टोळीत जायाचंय."

तेव्हा दाराशी उभी असलेली आई पुढं आली. पदर डोक्यावर, नजर खाली, पण बोलली ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "साहेब, त्यांनी पेपर टाकनाऱ्याला इचारलं न्हाई. टँकरची बातमी कुनी लिवली, असं इचारलं. वाट मीच सांगितली त्यांना. माझ्या कपातला चहा पिऊन गेले."

"मावशी, मुकादमाचा भाचा आहे तो. जबाब दिला तर पुढं टोळी कुठली धरणार?"

"ते आमी बघू. मी बोलले तसं लिवा. अंगठा देते."

साहेब बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मग त्यांनी नवा कागद ओढला. बातमी कुणी लिहिली हे विचारून मग मारलं, हे आता साक्षीत आलं होतं. गाडी घासल्याचं लिहिता येत नव्हतं.

परतताना आई एवढंच म्हणाली, "मी शेळी पिळून दूध घातलं रे त्यात." त्यानंतर त्या कपबश्यांत आमच्याकडं कुणी चहा प्यायलेलं नाही. हात जुळला, थोडा वाकडा जुळला. मी लिहितो.

त्या दिवशी तिन्हीसांजेच्या आधी पत्रकारावरच्या हल्ल्याच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. आमच्या घरातल्या माणसांच्या नावापुढं सरकारी कागदावर तोवर कायम 'मजूर' लिहिलं जायचं. माझ्या नावापुढं 'पत्रकार' लिहिलं गेलं.