लिनचं लग्न

पर्लकोटा नदीवरचा पूल पुरात बुडाला की आमच्या वनिताबाई चीनला जायच्या. भामरागडचा रस्ता बंद, लाइट गेलेली, मोबाइलचा टॉवर मेलेला. आम्ही आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या माडिया मुली दुपारी जेवून व्हरांड्यात बसायचो आणि आमच्या या अधीक्षिका स्वतः लिहीत असलेली कादंबरी वाचून दाखवायच्या.

बाई घुग्घुसच्या, वडील कोळसा खाणीत. बुद्धाचे ग्रंथ न्यायला डोंगर तुडवत आलेल्या चिनी भिक्खूची गोष्ट त्यांनी लहानपणी विहारात ऐकली, ती डोक्यात बसली ती उठलीच नाही. चीन त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण त्या जुन्या राज्यातल्या बाजाराचा वास आम्हाला यायचा, शप्पथ. तापट बाई. मध्येच कुणी खोकलं तर म्हणायच्या, "खोकून घे आधी. लिन कड्यावर लटकून राह्यली, तिले घाई नाई."

लिन ही नायिका, आमच्याहून थोडी मोठी. तिच्या अंगात ड्रॅगनचं रक्त, म्हणून नदी तिचं ऐकायची. शेवटी कळतं की राजपुत्रही ड्रॅगनच्याच कुळातला. दोघं मिळून राज्य वाचवतात आणि लग्न करतात. नागपूरच्या एका प्रकाशकाने पुस्तक काढायचं कबूल केलं होतं, त्यामुळे वाचन संपवताना बाईंचा चेहरा खुलला होता. आम्ही मात्र माना खाली घातल्या.

"काऊन वं, तोंडं काऊन पाडली?"

मी म्हटलं, "बाई, दोघंही एकाच कुळाचे. मंग भाऊ-बहीण झाले ना. लगन कसं लागन?" आमच्यात एका देवाची घरं म्हणजे एकच कूळ, त्यांच्यात सोयरीक होत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं.

"तो चीन आहे, तुमचं गाव नाई," बाई कडाडल्या आणि कागद गोळा करून आत गेल्या.

पाणी ओसरायच्या आत त्यांनी शेवट नव्याने लिहिला. राजपुत्राने लिनला बहीण म्हणून निरोप दिला आणि ती एकटीच डोंगरापलीकडे गेली. ऐकताना मला रडू फुटलं.

टॉवर सुरू झाला तसा त्यांनी अंगणातून प्रकाशकाला फोन लावला. आम्ही कान देऊन उभ्या. "प्रेमासाठीच वाचतात पोरं, मान्य आहे भाऊ. पण लगन नाई होत. माह्या पोरी नाई म्हणून राह्यल्या."

पुस्तक गेलं. दुसरा प्रकाशक मिळालाच नाही, आणि मागच्या वर्षी बाई घुग्घुसला वारल्या. जन्मभराचं स्वप्न हातात आलेलं, आणि सातवीतल्या पोरीच्या एका प्रश्नासाठी या बाईने ते सोडून दिलं. एवढा मान मला पुढे कुणीच दिला नाही.

त्या दिवशी त्यांनी फोन ठेवल्यावर मी घाबरत जवळ गेले. म्हटलं, "बाई, माह्यामुळं तुमचं पुस्तक गेलं."

"येडी का तू?" बाईंनी माझी वेणी ओढली. "इतकी वर्षं त्या मुलखात मी एकटीच राहत होती, आता तुम्ही बी आल्या. खोट्या माणसायचं लगन कोणी अडवते का, बेटा?"