खालच्या अंगाला

सदलग्याच्या पुलाखाली गळ टाकून बसणारे आमच्या गल्लीतले आप्पा माशांशीही माणसांसारखं बोलतात. "ये रं पाव्हण्या, लाजतोस व्हय?"

परवा गळाला लागलेल्या माशाच्या अंगावर लाल फोड होते. आप्पांनी वरच्या गावच्या ऊसवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. "औषध फवारायचं पंप नदीत धुत्यात!"

मी घरातला पहिला पदवीधर, बोलायचं ते तोंडावर बोलतो. विचारलं, "आणि तुमच्या शेतातला पंप कुठं धुता, आप्पा?"

"मी खालच्या अंगाला धुतो की! गळापासनं लई लांब."

"खाली तुमच्या लेकीचं सासर हाय. तीबी नदीचं मासं खाती."

आप्पा गळ गुंडाळून तडक निघून गेले. मला वाटलं, संबंध तुटला.

आज बघतो तर फवारणी उरकून आप्पा नदीचं पाणी घागरीनं शेतात नेतायत, तिथंच पंप धुवायला. पुलावरची माणसं हसत होती.

"बघतोस काय रं? दुसरी घागर उचल! लेकीला फोन केलाय, नदीचा मासा आणू नको म्हणून."

"कारण काय सांगितलंत?"

"खरं तेच. तुझा बाप हितं पंप धूत हुता म्हटलं." आप्पा खुशीत हसले. "लई झाडलं बघ मला तिनं!"