आत्या, घाट आणि पोपटी गाडीचं इंजिन

जुन्या गाडीचं बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा. हातातला चहा गार व्हायच्या आत माणसं जमतात, आणि प्रत्येकाजवळ एक सल्ला असतो, एक किस्सा असतो. सल्ले मी ऐकले आणि बरेचसे विसरले. किस्से मात्र साचत गेले. आता इतके झालेत की आमच्या गाडीच्या डिकीत मावायचे नाहीत!

गाडी बाबांची. पोपटी रंगाची, गोल दिव्यांची, माझ्याहून वयानं कितीतरी मोठी. मी परदेशात इंजिनांचंच शिकले आणि रायपूरला परत आले ते एक पक्कं मत घेऊन, की चालू शकणारी गाडी भंगारात घालणं हे पाप आहे. जुन्या इंजिनात अजून बराच जीव असतो, तो बाहेर काढता आला पाहिजे. पहिल्याच दिवशी तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी जेवताना मी जाहीर करून टाकलं, "बाबा, या गाडीची ताकद मी वाढवणार!"

बाबा वरणभात कालवत म्हणाले, "वाढव. पण ताईले घेऊन केशकालचा घाट चढंन का?"

ताई म्हणजे माझी आत्या. तिची धाकटी बहीण कुसुम त्या घाटापलीकडे जगदलपूरला राहते. दोघींची कित्येक वर्षांत भेट नाही, फोनवर मात्र रोज भांडण. कुसुमआत्या अंथरुणाला खिळलेली, ती येऊ शकत नाही. आणि आत्याला बंद काचांच्या एसी गाडीत बसलं की मळमळतं. आमच्या पोपटी गाडीला पुढच्या दारात ती जुनी त्रिकोणी काच आहे. ती उघडली की वारा थेट तोंडावर येतो. आत्या फक्त त्याच गाडीत बसू शकते. आणि ती गाडी भरली की घाटात दम तोडते, पूर्वी सगळ्यांना उतरून चालावं लागायचं. आता आत्याच्या गुडघ्यांनी चालणं सोडलंय.

म्हणजे माझी परीक्षा ठरली. पेपर एकच, प्रश्न एकच.

*

गाडी अभनपूर रोडवरच्या साहू भैयांच्या वर्कशॉपमध्ये नेली. साहू भैयांचा उत्साह माझ्यापेक्षा दांडगा. मी सुटे भाग शोधायला नागपूरला गेले, तेवढ्यात त्यांनी आपल्या मनानं मनगटाएवढा जाड सायलेन्सर बसवून टाकला. परत आले तर गाडी अशी गरजत होती की समोरच्या पानठेल्यावरची बरणी थरथरत होती.

"दीदी, सुनो! पावर सुनो!" साहू भैया.

इंजिन माणसासारखंच असतं. जेवढा श्वास आत घेईल तेवढाच बाहेर सोडेल. नुसतं नाक मोठं करून छाती मोठी होत नाही. हे मी त्यांना समजावून सांगत होते, तेवढ्यात आमचे शेजारी वानखेडे काका गाडीतून एक चक्कर मारून आले. रेल्वेत त्यांचा जन्म गेला, इंजिन ड्रायव्हर म्हणून. खाली उतरून म्हणाले,

"आवाज सुपरफास्टचा, चाल मालगाडीची!"

*

मग श्वास आत घेण्याची सोय केली. मोठा कार्ब्युरेटर आणला. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. मोठं भांडं, मोठा घोट. गाडी खरोखर उसळी मारायला लागली. मी खूश!

बाबा ती घेऊन ब्राह्मणपाऱ्यात भाजी आणायला गेले. बऱ्याच वेळानं रिकामी पिशवी घेऊन परत आले.

"काय झालं बाबा? भाजी?"

"राहिली. मी पेट्रोल टाकून टाकून आलो."

*

तो कार्ब्युरेटर बसवला त्या दिवशीची गोष्ट राहिलीच. आमच्याकडे नवीन काही बसवलं की पूजा होतेच. साहू भैया चाकाखाली लिंबू ठेवणार होते. वानखेडे काका अडून बसले.

"चाक जुनंच आहे न भाऊ! त्याले काहून पुजता? आमच्या लाइनीत नारळ इंजिनाले फोडत!"

युक्तिवाद बिनतोड होता. सगळ्यांना पटला. मलाही पटला, हे विशेष! काकांनी अगरबत्ती ओवाळली, नारळ हातात घेतला आणि बॉनेटखाली वाकून, अगदी इंजिनाच्या डोक्यावर, हातोडीनं फोडला. एअर फिल्टर अजून लावला नव्हता. नारळाचं सगळं पाणी कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडात गेलं.

गाडी सुरू व्हायचं नावच घेईना. साहू भैया हात जोडून इंजिनापुढे उभे राहिले.

"परसाद तो पूरा पी लिए हो मइया, अब काहे का नखरा?"

*

माझा सगळ्यात मोठा गर्व म्हणजे हेड, इंजिनाचं वरचं झाकण. इंजिनाच्या हेडचा खालचा भाग थोडा घासून घेतला की आतली जागा कमी होते, दाब वाढतो, प्रत्येक स्फोटातून जास्त जोर मिळतो. हिशेब मी स्वतः मांडला होता. कागदावर तो सुंदर होता.

पण तो हिशेब मी जिथे शिकले तिथल्या थंड हवेचा होता. रायपूरचा मे महिना त्यात नव्हता! दुपारच्या उन्हात गाडी चढावर घातली आणि पेट्रोल वेळेआधीच पेटायला लागलं. आतून ठणठण, ठणठण.

वानखेडे काका मागच्या सीटवरून म्हणाले, "थांब पोरी. खलबत्त्यात कोणी मसाला कुटून राहिलं."

गाडी परत वर्कशॉपमध्ये नेली. हेडखाली गॅस्केटचा जाड थर घालून दाब थोडा उतरवला, स्पार्क जरा उशिरा पडेल असं केलं. तेव्हापासून एक गोष्ट मनाशी बांधून ठेवली आहे. नुसती ताकद अशी काही चीज नसते. कुठली हवा, कुठला रस्ता, कोण बसणार, हे विचारल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये.

(निदान तेव्हा मला वाटलं, की मी सगळं विचारलं आहे.)

*

ताकद वाढत नसेल तर वजन कमी करा, हा रेसिंगवाल्यांचा जुना मंत्र. मी मॅट काढली, जादा बंपर काढला, जड पुढची सीट काढून हलकी मागवली. नवी सीट अजून यायची होती. नेमकी तेव्हाच आत्या गाडी बघायला आली. काठी टेकत तिनं दार उघडलं, आत डोकावली.

मी उत्साहानं सांगितलं, "आत्या, बघ, किती हलकी केली!"

आत्यानं काठीनं तो मोकळा पत्रा ठोकून बघितला.

"छान केली व माय. मी पाट घेऊन येऊ का बसाले?"

*

शेवटचा बदल कॅमशाफ्टचा. इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या, किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे ठरवणारा हा दांडा. मी जो निवडला तो इंजिन जोरात फिरत असताना भरपूर ताकद देतो. हळू फिरताना मात्र तो आळशी असतो. दोन्ही एकत्र मिळत नाही. मी विचार करून निवड केली. घाटाच्या खालीच वेग धरायचा आणि वरपर्यंत इंजिनाचा जोर उतरू द्यायचा नाही.

बाबांना एकच अट सांगितली, "घाटात मधे कुठेही थांबायचं नाही."

"हव," बाबा म्हणाले.

थंडी पडल्यावर आम्ही निघालो. बाबा स्टिअरिंगवर, शेजारी आत्या, तिची त्रिकोणी काच उघडी. मागे मी आणि वानखेडे काका. अभनपूर, धमतरी, कांकेर मागे पडलं. घाट लागला. बाबांनी गिअर बदलला आणि पोपटी गाडी चढायला लागली. खरंच चढायला लागली! चार माणसं, सामान, कुसुमआत्यासाठी घेतलेला डबा, सगळं घेऊन. वळणामागून वळण. तापमानाचा काटा जागचा हलेना. आम्ही एका ट्रकला मागे टाकलं तेव्हा काकांनी मांडीवर थाप मारली. माझे डोळे भरून आले होते, कोणाला दिसू नये म्हणून मी बाहेर बघत होते.

"थांबव," आत्या म्हणाली.

बाबांनी गाडी थांबवली.

"बाबा!! थांबायचं नव्हतं न!"

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी जेवताना पायात चपला घातल्या आहेत. डावीकडे देवीचं ठाणं होतं. या रस्त्यावरचा प्रत्येक गाडीवाला इथे थांबतो. आमच्यापुढे दोन ट्रक थांबले होते, आता मागून तिसरा येऊन लागला.

"देवीपुढून न थांबता जात असते का कोणी?" आत्या हात जोडत म्हणाली.

"पण मला कोणी सांगितलं का नाही?"

"हे काय सांगाची गोष्ट आहे?" बाबा.

दर्शन झालं. प्रसाद खाल्ला. बाबांनी क्लच सोडला, गाडी बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. इंजिन रेस केलं तर क्लचचा जळका वास यायला लागला. चढावर उभी गाडी, हळू फिरणारं इंजिन आणि माझा तो आळशी दांडा!

वानखेडे काका दार उघडून उतरले. मीही उतरले. आम्ही दोघांनी मागून धक्का दिला, गाडी हलली, सरकली, पळाली.

मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाबा, आता थांबू नका!"

बाबा माझं ऐकतात. ते थांबलेच नाहीत.

उरलेला घाट मी आणि काका पायी चढलो. मघाशी मागे टाकलेला तो ट्रक शेजारून गेला, क्लिनरनं मोठ्या आदरानं नमस्कार केला. वर पोचलो तेव्हा पोपटी गाडी झाडाखाली उभी होती, इंजिन मजेत चालू. बाबा काच पुसत होते. आत्या दार उघडं टाकून फोनवर बोलत होती, स्पीकर लावून. पलीकडून कुसुमआत्याचा आवाज येत होता.

"चढली का व गाडी?"

"चढली न! आता काय, सांजच्याले तुह्याच घरी जेवतो."

"अन् ते इंजिनवाली पोट्टी? आहे का सोबत?"

आत्यानं मान वळवून घाटाकडे पाहिलं.

"येऊन राहिली न. पायी."