खिडकी लावा

वर्गात तिला सगळे छापखाना म्हणत. सरांच्या तोंडून निघालेला शब्द खाली पडायच्या आत तिच्या वहीत झेललेला असे. सवय लहानपणापासूनची. आईनं सामान सांगितलं की ही लिहून न्यायची, "डाळ, गूळ, साखर, अगं थांब, साखर आहे." दुकानदारानं एकदा विचारलंही, "पोरी, हे 'अगं थांब' किती किलो देऊ?"

परीक्षा जवळ आली की निम्मा वर्ग तिच्या नोट्सची झेरॉक्स काढून घोकायचा. यंदाही घोकली, आणि तिथंच माशी शिंकली. वारा का वाहतो, या प्रश्नाला निम्म्या वर्गानं एकच उत्तर लिहिलं, "हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, खिडकी लावा."

आता ती भूगोलाच्या सरांच्या खोलीत उभी होती. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. वरच्या पानावर लाल शाईचा गोल, आणि गोलात ती खिडकी.

"परीक्षेत कुणाची चिठ्ठी फिरली?" सरांनी विचारलं.

"चिठ्ठी नाही, सर. माझ्या नोट्स सगळ्यांनी पाठ केल्या."

"खिडकीसकट?"

"तुम्ही म्हणाला होतात, सर. शिकवताना."

सर हसले असते तर जिवात जीव आला असता. पण नाही हसले. "कॉपी ठरली तर सगळ्यांचं वर्ष गेलं. तुझंही. खरंच येत असेल तर सांग, वारा का वाहतो? माझी वाक्यं नकोत. तुझ्या शब्दांत."

स्वतःचे शब्द आणायचे कुठून? बोटं तर सवयीनं सरांचा प्रश्नच तळहातावर उतरवून घेत होती.

"येत नाही ना? बरं." सरांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात गठ्ठ्यातला वरचा कागद उडाला आणि खिडकीकडे निघाला. तिनं धावत जाऊन तो पकडला. पकडला आणि तिथंच थबकली. कागद हातात अजून बाहेरच ओढ घेत होता.

"सर, बाहेर मैदान तापलंय," ती चाचरत म्हणाली. "तिथली हवा हलकी होऊन वर गेली. दाब कमी झाला. आपल्या मागचा व्हरांडा गार आहे. म्हणून दारातून हवा येतेय... आणि बाहेर पळतेय. कागद घेऊन."

सरांचं पेन थांबलं. "मग त्या दिवशी मी खिडकी का लावायला सांगितली?"

"तुमचेही कागद बाहेर चालले असणार, सर. वारा समोर वाहत होता. आम्ही कुणी बघितलाच नाही. खाली मान घालून लिहीत होतो."

सरांनी टोपण परत लावलं. "बाकीच्यांनाही एकेक करून आत पाठव. हेच विचारणार आहे."

ती वर्गात परतली, तर सगळे पेनं उघडून तयारच होते. "काय विचारलं? सांग ना बाई, हळूहळू सांग!"

"आधी पेनं खिशात ठेवा," ती म्हणाली. "आणि ती खिडकी उघडा."

मागून कुणीतरी काकुळतीला येऊन विचारलं, "हे पण लिहून घ्यायचं का गं?"